वाघ पाहिला नव्हता, मांजर घरात होतं

गेल्या अंकात जपानी चित्रांतल्या प्राण्यांवर दोन पानं लिहिली आणि सोबत नागासावा रोसेत्सुचा वाघ छापला. पत्रं भरपूर आली, आणि त्यातली निम्मी वाघाबद्दल तक्रार करणारी. म्हणून आधी वाघ, मग बाकीची मंडळी.

आमचं गाव ताडोब्याच्या वेशीवर. वडील वनखात्यात होते, त्यामुळे वाघ मी पंधरा-वीसदा तरी पाहिलाय. तुम्ही छापलेला ‘वाघ’ बघून घरातली पोरं म्हणाली, हा तर आपला बोका! एवढे नावाजलेले चित्रकार, मग वाघ असा कसा? – एक वाचक, चंद्रपूर

पोरांना रागावू नका, त्यांनी बरोबर ओळखलंय.

जपानच्या बेटांवर वाघ नाही. आज मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे, त्या चित्रकारांच्या वाट्याला जिवंत वाघ आला नाही. त्यांच्यापाशी चीन-कोरियातून आलेली जुनी वाघचित्रं होती, व्यापाऱ्यांनी आणलेली कातडी होती आणि घरात उंदरांमागे धावणारं मांजर होतं. या तिघांची मोट बांधून जो उभा राहिला तो जपानी वाघ.

कातडं जमिनीवर पसरलं की वाघाचा गालिचा होतो. पट्टे कुठून कुठे जातात ते कळतं, केस कुठे लांब, कुठे आखूड तेही कळतं. पण चालताना खांद्याचं हाड पाठीच्या वर कसं येतं, पाण्याला तोंड लावताना मान कशी खचते, हे कातडं सांगत नाही. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तुम्हाला खटकलं.

क्योतोचा मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) हा तर समोर वस्तू ठेवून काढणारा माणूस. वाघाचं अख्खं कातडं त्याने मापं घेऊन हुबेहूब उतरवलं, तो पडदा आजही आहे. याच ओक्योने १७८७ साली शिकोकू बेटावरच्या कोम्पिराच्या देवळात एक खोलीभर वाघ काढले. (कोम्पिरा म्हणजे आपला कुंभीर, गंगेतली मगर. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे जपानात गेली आणि तिथे खलाशांचा पाठीराखा देव झाली. मगरीच्या देवळात मांजराच्या तोंडाचे वाघ, असा सगळा मामला.) क्योतोत शिकत होते तेव्हा मी ते बघायला गेले. पायऱ्या चढून गुडघे बोलायला लागले होते. एक वाघ वाकून पाणी पितोय, एक रोखून बघतोय. त्या रोखून बघणाऱ्याबद्दल म्हणतात, की कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो. मी डावी-उजवीकडे सरकून खात्री करून घेत होते, तेवढ्यात शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, “कावाइइ!” म्हणजे, कित्ती गोड! वाघाला!

पोरांना एक खेळ द्या. वाघाची बाहुली गोल असते. उन्हात बारीक झाली तरी गोलच राहते. मांजराच्या बाहुलीची उन्हात उभी चीर होते. आता जपानी वाघांची चित्रं समोर घेऊन बसा आणि डोळे तपासा. कित्येकांत ती उभी चीर सापडेल. शरीर कातड्यावरून, डोळा स्वयंपाकघरातून.

सगळ्यांनी हे झाकून नेलं असंही नाही. इतो जाकुचूने १७५५ मध्ये पंजा चाटणारा एक वाघ काढला आणि चित्रावरच लिहून ठेवलं, की मी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काही काढत नाही, पण या देशात वाघ नसल्यामुळे माओ यी या चिनी चित्रकाराच्या वाघाची नक्कल केली आहे. मला हा कबुलीजबाब त्या वाघाहून जास्त आवडतो. पुस्तकातून उतरवलेलं चित्र ‘निसर्गातून’ म्हणून दाखवणारे विद्यार्थी मी तीस वर्षं तपासलेत.

ऐकीव माहितीतून गमतीही झाल्या. क्योतोच्या निजो किल्ल्यात भेटीला आलेल्या सरदारांना बसवून ठेवायच्या दालनांत सोन्याच्या पार्श्वभूमीवर वाघ आहेत. शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, भेटण्याआधी माणूस जरा दबकावा, हा हेतू. त्या वाघांच्या मधेमधे बिबटे आहेत. का? तर त्या काळी जपानात समजूत होती, की बिबट्या म्हणजे वाघाची मादी. हे वाचून वनखात्यातले तुमचे वडील काय म्हणतील ते मला जरूर कळवा.

आणि आता तुमचा ‘बोका’. किइ द्वीपकल्पाच्या पार दक्षिण टोकाला कुशिमोतो नावाचं बंदर आहे. तिथलं मुर्योजी हे देऊळ १७०७ च्या त्सुनामीत वाहून गेलं होतं. १७८६ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. देवळाच्या महंतांची ओक्योशी जुनी ओळख. दारं रंगवून द्या म्हणून त्यांनी त्याला गळ घातली होती. ओक्योला क्योतोतून हलायला सवड नव्हती, म्हणून त्याने काही चित्रं देऊन आपला शिष्य रोसेत्सु (१७५४–१७९९) याला पाठवलं. गुरूच्या नजरेपासून लांब, समुद्रकिनारी, रोसेत्सुचा हात सुटला. फुसुमा म्हणजे कागदाची सरकती दारं. त्यावर त्याने निव्वळ काळ्या शाईत असा वाघ काढला, की तो दारांतून खोलीत उडी घेतोय असं वाटतं. पंजे मोठे, शेपूट दोरखंडासारखी, आणि तोंड तुमच्या पोरांनी ओळखलं तेच.

त्या दारांच्या पाठीमागे, पलीकडच्या खोलीतून दिसणारं वेगळं चित्र आहे. तिथे गुलाबाच्या झुडपाजवळ एक मांजर पाण्यातल्या माशांवर डोळा ठेवून दबा धरून बसलंय. यावरून काही जाणकार असा तर्क करतात, की पुढचा वाघ म्हणजे माशाला दिसलेलं मांजर. तर्कच आहे, पण मला तो पटतो. माशाच्या जागी बसून बघा, बोका केवढा दिसेल!

तेव्हा रोसेत्सुला वाघ जमला नाही असं मी म्हणणार नाही. त्याने जो प्राणी पाहिला होता तोच काढला, फक्त भलत्या जागी उभं राहून.

चौथीच्या मुलांना मी बेडूक आणि सशाच्या कुस्तीचं जपानी चित्र दाखवलं. जगातलं पहिलं कॉमिक म्हणजे हेच, असं एका ठिकाणी वाचलं. खरं का? – एक शिक्षिका, डोंबिवली

‘पहिलं’ हा शब्द दिसला की मी दोन पावलं मागे सरते. ते चित्र ‘चोजू-गिगा’ या गुंडाळीतलं. क्योतोजवळच्या डोंगरातल्या कोझान-जी या देवळाच्या मालकीच्या अशा चार गुंडाळ्या आहेत, बाराव्या-तेराव्या शतकातल्या. पहिली सुमारे अकरा मीटर लांब आहे. रंग नाही, मजकुराची एक ओळ नाही. परंपरेने ती तोबा सोजो या महंतांच्या नावावर सांगतात, पण चारही गुंडाळ्या एका हातच्या नाहीत हे बघताक्षणी कळतं.

मुलांना कुस्तीच्या पुढचा प्रसंग दाखवा. कमळाच्या पानावर बुद्ध म्हणून एक बेडूक मांडी ठोकून बसलाय आणि समोर माकड भटजी मंत्र म्हणतोय. माकडाच्या तोंडातून आवाजाच्या रेषा निघालेल्या आहेत! कॉमिकशी नातं लावायचं तर या रेषांशी लावा. आणि गुंडाळी कुठेतरी टोपी घातलेलं मांजर दाखवते, तेही शोधायला लावा. तात्पर्य काय, असं मात्र विचारू नका. पंचतंत्राच्या सवयीने आपण लगेच विचारतो; इथे बेडूक जिंकतो आणि लोळून हसतो, संपलं.

माझा पोल्ट्रीचा धंदा आहे. तुमच्या लेखात कोंबड्यांच्या चित्रकाराचा उल्लेख एका ओळीत उरकलात. जरा सविस्तर लिहा. आणि पांढरं पीस आतून उजळल्यासारखं दिसतं, ते कसं साधलं? – एक वाचक, कराड

धंद्यातल्या माणसाने विचारलं म्हणजे नीट सांगायलाच हवं.

हाच तो वर आलेला कबुलीजबाबवाला जाकुचू (१७१६–१८००). क्योतोच्या निशिकी बाजारात घराण्याचा भाजीपाल्याचा घाऊक व्यापार. याचं लक्ष गल्ल्यात कधीच नव्हतं. चाळिशीत दुकान भावाच्या हवाली केलं आणि पूर्णवेळ चित्रांना बसला. त्याला ओळखणाऱ्या एका महंतांनी लिहून ठेवलंय, की त्याने अंगणात कित्येक कोंबड्या पाळल्या आणि वर्षानुवर्षं त्यांनाच बघून काढत राहिला. बाजारात खाण्यासाठी विकायला आलेल्या चिमण्या विकत घेऊन सोडून दिल्याचीही हकिगत आहे.

मग सुमारे १७५७ ते १७६६ या काळात त्याने रेशमावर तीस मोठी चित्रं केली, ‘दोशोकु साइ-ए’ (म्हणजे प्राणी-वनस्पतींची रंगीत चित्रं), आणि शोकोकुजी या देवळाला दान दिली. १८८९ मध्ये ती देवळाने राजघराण्याला दिली, आणि २०२१ मध्ये त्यांना राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. त्यातल्या एका चित्रात तेरा कोंबडे एकमेकांत घुसून उभे आहेत. तुम्ही खुराड्याचं दार उघडलंत की जी झुंबड होते ती आठवा. तुऱ्यावरचे दाणे, पायावरचे खवले, शेपटीचं कोयत्यासारखं वळलेलं पीस, एकही कोंबडा दुसऱ्यासारखा नाही. कुठला कोंबडा कुठे संपतो हे बोटाने माग काढल्याशिवाय कळत नाही. मी एकदा छापील प्रतीवर तो माग काढत बसले आणि आठव्या कोंबड्यापाशी चहा गार झाला.

आता पांढऱ्याचं गुपित. रेशीम चौकटीवर ताणलं की ते विरळ असतं, उजेडाकडे धरलं तर पलीकडचं दिसतं. जाकुचू रंग पुढूनही लावायचा आणि मागूनही. पुढून शिंपल्याच्या पांढऱ्या रंगाने, गोफुनने, पिसाचा एकेक तंतू केसाएवढ्या रेषेने काढायचा. मागच्या बाजूने पिवळसर गेरूचा हात द्यायचा. तो पिवळा रंग विणीतून झिरपून पांढऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. या चित्रसंचातल्या पांढऱ्या ‘होओ’ पक्ष्याचं अंग असंच सोनेरी दिसतं. लोकांना वाटायचं, सोनं वापरलंय. दुरुस्तीच्या वेळी तपासलं तर सोन्याचा कण नाही, मागे गेरू.

(होओ हा पक्षी जगात कुठे नाही. म्हणजे ‘पाहिल्याशिवाय काढत नाही’ हे इथे पुन्हा मोडलं! शेपटीच्या पिसांच्या टोकांना लाल-हिरवे बदाम काढलेत, पत्त्यातल्यासारखे. हौस दांडगी.)

याच संचातल्या एका माशावर बर्लिनमध्ये शोधला गेलेला निळा रंग सापडला. तेव्हा जपानात तो नुकता, बोटावर मोजण्याएवढा येत होता. भाजीवाल्याच्या मुलाला रंगावर पैसे ओतताना हात आखडता घ्यायची गरज नव्हती, हेही ध्यानात ठेवा.

आणि जाकुचूच्या हत्तीचं राहिलं. आजच्या व्हिएतनाममधून १७२८ साली शोगुनसाठी हत्ती जहाजाने नागासाकीला आला आणि पुढच्या वर्षी चालत एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला. वाटेत क्योतोत सम्राटाने तो पाहिला. सम्राटासमोर यायचं तर दरबारी दर्जा हवा, म्हणून हत्तीला तो बहाल केला असं सांगतात. जाकुचू तेव्हा क्योतोत होता, तेरा वर्षांचा. बाजारपेठेतलं तेरा वर्षांचं पोरगं हत्ती गावात आल्यावर घरी बसलं असेल, हे मी तरी मानणार नाही. म्हातारपणी त्याने पडद्यांची एक जोडी काढली: एकावर किनाऱ्यावर सोंड उंचावून बसलेला पांढराशुभ्र हत्ती, दुसऱ्यावर काळाभोर देवमासा.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या जपानी चित्रांत सगळे प्राणी रडताना दाखवतात, पण मांजर नसतं असं ऐकलं. मांजरावर एवढा राग का? – एक वाचक, नागपूर

तिथली लोककथा अशी. बुद्ध अंथरुणावर असताना माता महामायेने स्वर्गातून औषधाची पिशवी खाली टाकली. ती शालवृक्षाच्या फांदीत अडकली. उंदीर ती सोडवायला वर चढला आणि मांजराने त्याला धरलं. औषध पोचलंच नाही. म्हणून मांजराला त्या मेळाव्यात जागा नाही. ग्रंथातली ही गोष्ट नव्हे, लोकांनी रचलेली.

पण अपवाद आहेत, आणि सगळ्यात गाजलेला क्योतोच्या तोफुकुजीत. मिंचो नावाच्या भिक्षू-चित्रकाराने १४०८ मध्ये काढलेलं तिथलं चित्र भिंत झाकेल एवढं मोठं आहे, आणि त्यात प्राण्यांच्या गर्दीत एक मांजर बसलंय. त्याचीही कथा आहेच: रंग संपला तेव्हा एका मांजराने मिंचोला रंगाची माती आणून दिली, म्हणून त्याने तिला बुद्धांपाशी जागा दिली.

आपल्याकडे वैशाख पौर्णिमेला जो दिवस मानतात, तो तिथे दुसऱ्या महिन्याची पंधरावी तिथी. म्हणून बऱ्याच देवळांत मार्चच्या मध्याला ही चित्रं बाहेर काढतात. तुम्ही अजिंठ्याचं २६ क्रमांकाचं लेणं पाहिलं असेलच. तिथे सुमारे सात मीटरच्या पहुडलेल्या बुद्धमूर्तीखाली शोक करणारी माणसं कोरली आहेत. जपानात पोचेपर्यंत त्या शोकात हत्ती पाठीवर लोळून रडायला लागला, साप आले, खेकडे आले, गोम आणि गोगलगायही आली. गोगलगाय वेळेवर कशी पोचली, हा प्रश्न माझ्या नातवाचा.

मुलगी ऑनलाइन जपानी शाईची चित्रं शिकतेय. आम्ही जैन. त्या शाईत जनावराचं काही असतं का? – एक पालक, कोल्हापूर

असतं. सरळ सांगते. सुमी शाईची कांडी म्हणजे तेलाची किंवा पाइनच्या लाकडाची काजळी आणि निकावा. निकावा हा सरस, गाईगुरांच्या किंवा हरणाच्या कातड्यापासून शिजवलेला. पारंपरिक रंगही त्यातच कालवतात. कुंचले बकरीच्या, घोड्याच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझलच्या केसांचे. गोफुन शिंपल्याचं.

नारा शहरातले शाई करणारे थंडीच्या महिन्यांतच कांड्या घालतात, कारण उकाड्यात सरस सडतो. हे मला माहीत होतं, तरी पुण्यात परतल्यावर पहिल्याच मे महिन्यात निकावाचं भांडं ओट्यावर विसरून मी दोन दिवस गावाला गेले. सासूबाईंनी भांड्यासकट कुंडीत पुरलं. तगर तेवढी जोमात आली.

मुलीला शाई सोडायला लावू नका. बाटलीतल्या तयार शाईंपैकी बऱ्याच जणींत सरसाऐवजी कृत्रिम चिकटद्रव्य असतं. विकत घेण्याआधी दुकानदाराला तेवढं विचारा. कुंचला नायलॉनचा घ्या. पाणी जरा कमी धरतो, पण शिकायला पुरे.

ओक्योचं कुत्र्याचं पिल्लू बघून काढायला गेलो. डुक्कर झालं. काय चुकलं? – एक वाचक, रत्नागिरी

तुम्ही आधी बाह्यरेषा काढलीत आणि मग आत भरलंत, पैज लावते.

ओक्योच्या परंपरेत रेषेशिवाय काढायची एक रीत आहे, त्सुकेताते. कुंचला पाण्यात बुडवा, कापडावर टिपा. मग अर्ध्यापर्यंत फिकी शाई आणि फक्त टोकाला दाट. बशीच्या काठावर दोनदा लोळवा म्हणजे फिक्यातून गडद असा उतार कुंचल्यातच तयार होतो. आता कुंचला आडवा टेकवा, टोक पाठीच्या बाजूला, आणि मानेपासून ढुंगणापर्यंत एका दमात ओढा. पाठ गडद, पोट फिकं, गोलाई आपोआप. आमच्या सेन्सेई, म्हणजे गुरू, सत्तरीच्या बाई, हा एक फटकारा आम्हाला महिनाभर द्यायला लावत. जुन्या वर्तमानपत्रांवर. पिल्लू नाही, नुसती पाठ.

पाठ जमली की पाय अगदी आखूड ठेवा. तुमच्याकडून ते लांब झाले असणार. कान लोंबते, डोळे जवळजवळ आणि चेहऱ्यावर खाली.

आणि डोळा सगळ्यात शेवटी, कागद पूर्ण वाळल्यावर. मी घाई केली होती. शाई पसरली, आणि ते पिल्लू अजून माझ्या कपाटात आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला चाचा म्हणून नातू त्याला ओळखतो.